माणूस चौकटीत कुठे उभा राहतो? चित्रपटातील दृश्यरचनेविषयी

मेघना_नाशिक

नमस्कार.

आम्ही नाशिकमधले सात-आठ जण महिन्यातून एका रविवारी जमतो, एक चित्रपट पाहतो आणि मग त्यातला एखादाच प्रसंग पुन्हा पुन्हा लावून त्यावर बोलतो. गेल्या बैठकीत आमच्यातल्या सर्वांत लहान सभासदाने एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर मला तिथे नीट देता आले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. छायाचित्रणाच्या वर्गात त्याला चौकटीचे आडवे आणि उभे तीन-तीन भाग करून माणसाला त्या रेषांच्या छेदबिंदूवर ठेवायला शिकवले होते. मग आपण आत्ता पाहिलेल्या चित्रपटात हा नियम पाळलेला का दिसत नाही, आणि तरीही त्यातली प्रत्येक चौकट इतकी घट्ट का वाटते, असे त्याने विचारले.

तो चित्रपट म्हणजे अकिरा कुरोसावा यांचा १९६३ सालचा 'हाय अँड लो'. मूळ जपानी नावाचा अर्थ 'स्वर्ग आणि नरक' असा होतो. चर्चेत शेवटाचाही उल्लेख येणार आहे, त्यामुळे ज्यांना आधी चित्रपट पाहायचा असेल त्यांनी इथेच थांबावे. योकोहामा शहरात एका टेकडीवर गोंदो या माणसाचे घर आहे. तो बूट बनवणाऱ्या कंपनीत वरिष्ठ अधिकारी आहे आणि कंपनी स्वतःच्या ताब्यात घेण्यासाठी त्याने घरदार गहाण ठेवून पैसा उभा केला आहे. नेमका त्याच वेळी त्याच्या मुलाला पळवल्याचा फोन येतो, आणि थोड्याच वेळात कळते की पळवणाऱ्याने चुकून गोंदोच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे आओकीच्या, मुलाला नेले आहे. खंडणीची मागणी मात्र तशीच राहते : ३ कोटी येन.

जवळजवळ पहिला तासभर आपण गोंदोच्या दिवाणखान्यातून बाहेर पडत नाही. एक खोली, काही कोच, एक टेलिफोन, शहराकडे उघडणारी मोठी काच आणि तिच्यावरचे पडदे, एवढ्यावर तो तासभर उभा आहे. कुरोसावांनी हा चित्रपट २.३५ : १ या प्रमाणाच्या रुंद पडद्यासाठी चित्रित केला. अशा पडद्यावर सहसा डोंगर, घोडदळ, समुद्र दाखवतात. त्यांनी मात्र तो एका खोलीतल्या आठ-दहा माणसांवर रोखला, आणि माझ्या मते या चित्रपटाची सगळी रचना या निवडीतून निघाली आहे.

आओकी गोंदोपुढे जमिनीवर डोके टेकून मुलासाठी याचना करतो, तो प्रसंग आम्ही चार वेळा पाहिला. बोलतात फार थोडे जण, पण खोलीत पोलीस आहेत, गोंदोची पत्नी आहे, त्याचा सहायक आहे, आणि त्यांतल्या प्रत्येकाने आपली नजर कुठे ठेवायची हे ठरवले आहे. एखादा माणूस मान फिरवतो, दुसरा जमिनीकडे पाहतो, आणि त्या फिरवलेल्या मानांमुळे आपले लक्ष आपोआप त्या एका माणसाकडे जाते, ज्याला मान फिरवून चालणार नाही. छेदबिंदूवर कोण आहे हे शोधत बसलो असतो तर हे आम्हाला दिसलेच नसते.

तेव्हापासून मी चौकट वाचताना आधी माणसांमधले अंतर पाहते, मग त्यांच्या नजरा पाहते, आणि प्रसंग पुढे सरकताना ही दोन्ही कशी बदलतात ते पाहते. स्थिर छायाचित्राला हा बदल नसतो. चित्रपटात कुणी दोन पावले चालले की आधीची रचना मोडते आणि नवी तयार होते, त्यामुळे चित्रपटाच्या रचनेचा विचार एका थांबवलेल्या चौकटीवरून करणे मला अपुरे वाटते.

याच चित्रपटातले आणखी एक उदाहरण देते. पैसे द्यायचे ठरल्यावर पोलीस गोंदोला खुणेच्या दोन प्रकारच्या कुप्या देतात. बॅगा पाण्यात टाकल्या तर एकीतून वास सुटेल, आणि जाळल्या तर दुसरीतून रंगीत धूर निघेल. त्या बॅगांच्या अस्तरात बसवण्यासाठी गोंदो आपली जुनी चांभारकामाची हत्यारे काढतो आणि जमिनीवर बसून स्वतःच्या हातांनी काम करतो. तासभर ज्या खोलीत तो उभा राहून हुकूम सोडत होता त्याच खोलीत तो आता सर्वांत खाली आहे. संवादाने हे सांगावे लागत नाही, आणि मला तर त्या क्षणी तो आधीपेक्षा मोठा वाटतो.

आपणा सर्वांचे, विशेषतः प्रत्यक्ष कॅमेऱ्यामागे काम करणाऱ्यांचे मत वाचायला आवडेल.

रेषा

मेघना, धागा फार चांगला आहे. पण तीन भागांच्या नियमाला तुम्ही जरा लवकर बाजूला सारता आहात असे वाटते. मी चित्रकलेची शिक्षिका आहे, म्हणून त्याच्या बाजूने थोडे बोलते.

हा नियम चित्रपटातून आलेला नाही, छायाचित्रणातूनही नाही. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकार-लेखकाने १७९७ साली ग्रामीण निसर्गदृश्यांवरच्या आपल्या पुस्तकात तो या नावाने मांडला. त्याचा भर एकतृतीयांश आणि दोनतृतीयांश या प्रमाणावर होता : जमिनीला एक भाग दिला तर पाण्याला दोन भाग द्यावेत, आणि ही दोन्ही मिळून चित्राचा एक भाग झाली तर उरलेले दोन भाग आकाशाला द्यावेत, उजेड-अंधाराच्या वाटणीतही तसेच करावे, म्हणजे दोन सारखी वजने एकमेकांशी भांडत नाहीत. मूळ विचार असा असमान वाटणीचा होता. त्यावर छेदबिंदूंची जाळी नंतर चढली, आणि आता तर ती प्रत्येक मोबाइलच्या कॅमेऱ्यात आयती मिळते.

असमान वाटणीचा विचार तुमच्या उदाहरणातही आहेच. एका बाजूला एकटा गोंदो आणि दुसऱ्या बाजूला पाच-सहा जणांचा घोळका, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. घोळक्याचे आकारमान मोठे आहे, तरी एकट्या माणसाभोवतीच्या रिकाम्या जागेमुळे त्याचे वजन घोळक्याइतके भरते. आम्ही वर्गात तराजूचे उदाहरण देतो : टेकूजवळ ठेवलेला मोठा दगड आणि टेकूपासून लांब ठेवलेला लहान दगड यांचा तोल साधता येतो. गडद रंग, चेहरा, एखादी हालचाल, नजरेची दिशा या सगळ्यांना वजन असते, आणि त्यांत चेहऱ्याचे सर्वाधिक असते. आठवीतल्या मुलांनाही हे दहा मिनिटांत कळते.

म्हणून त्या तरुण सभासदाला नियम टाकून द्यायला सांगू नका. तो कशासाठी निर्माण झाला एवढे सांगा.

कृष्णधवल

मी गेली काही वर्षे कॅमेरा विभागात सहायक म्हणून काम करतो, त्यामुळे 'प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी' या वाक्याला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. उत्तर थोडे लांबेल.

सेटवर रचनेचा पहिला निर्णय कॅमेरा कुठे ठेवायचा हा असतो, आणि पुष्कळ नवशिके तो लेन्सवर ढकलतात. लांब पल्ल्याची लेन्स लावली की माणसे एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात आणि रुंद लेन्स लावली की लांब गेल्यासारखी दिसतात, असे सगळेच म्हणतात. पण ते काम लेन्सचे नसून कॅमेऱ्याच्या अंतराचे असते. लेन्स फक्त त्या अंतरावरून दिसणाऱ्या दृश्याचा किती तुकडा घ्यायचा ते ठरवते. साधे गणित करून पाहा. दोन माणसे एकामागे एक, २ मीटर अंतरावर उभी आहेत. कॅमेरा पुढच्या माणसापासून २ मीटरवर असेल, तर मागचा ४ मीटरवर येतो आणि पुढच्याच्या निम्म्या आकाराचा दिसतो. तोच कॅमेरा मागे, पुढच्या माणसापासून १० मीटरवर नेला, तर अंतरे १० आणि १२ मीटर होतात आणि मागचा माणूस पुढच्याच्या सुमारे ८३ टक्के आकाराचा दिसतो. आता लांब लेन्स लावून पुढच्या माणसाला पूर्वीएवढा मोठा केला, तर दोघे जवळजवळ बरोबरीचे होतात. माणसे जागची हललेली नाहीत, तरी एकाचे दुसऱ्यावरचे वर्चस्व नाहीसे झाले.

कुरोसावा १९५४ च्या 'सेव्हन समुराई'पासून एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून चित्रीकरण करू लागले, आणि लांब लेन्स घेऊन दूर उभे राहणे ही त्यांची आवडती पद्धत होती. 'हाय अँड लो'मधल्या दिवाणखान्यात मागे उभा असलेला पोलीसही चेहऱ्यानिशी वाचता येतो, त्याचे कारण यात आहे. रुंद लेन्सने जवळून घेतले असते, तर पुढचा माणूस चौकट व्यापून बसला असता आणि मागचे पाच जण ठिपके झाले असते.

यात एक अडचण आहे आणि मेघना यांनी तिचाही विचार करावा. अनेक कॅमेरे असले की प्रत्येक कॅमेऱ्याच्या चौकटीसाठी माणसांना वेगळे हलवता येत नाही. म्हणजे रचना चौकटीत करायची सोय राहत नाही. ती खोलीतच करावी लागते, आणि अशी करावी लागते की दोन-तीन बाजूंनी पाहिली तरी टिकेल. यासाठी तालमी लागतात, भरपूर लागतात. आपल्याकडे मालिकांमध्येही अनेक कॅमेरे असतात. परंतु तालमीला वेळ नसल्यामुळे सगळे एका ओळीत उभे राहतात, आणि मग जो बोलेल त्याचा क्लोजअप लावून वेळ निभावली जाते. मी अशा एका सेटवर काम केले आहे. दिवसाला ठरलेली मिनिटे भरायची असत आणि पात्राने उठून खिडकीपर्यंत जावे असे कुणी सुचवले, तर 'लाइट बदलावे लागतील' या एका वाक्यावर विषय संपत असे. त्यात दिव्यांचा दोष नव्हता. हालचालीला अर्थ असतो आणि त्या अर्थासाठी वीस मिनिटे देणे योग्य आहे, ही गोष्टच तिथे कुणी मानत नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

जुना_प्रोजेक्टर

कृष्णधवल यांचे गणित वाचून आनंद झाला. पडद्याच्या प्रमाणाविषयी मी थोडी भर घालतो, कारण रचनेची चर्चा करताना चौकट स्वतः किती रुंद आहे हे आपण विसरतो.

बोलपटांच्या सुरुवातीला फिल्मच्या पट्टीवर ध्वनीची रेघ आली, चित्राची जागा आकसली आणि चौकट जवळजवळ चौरस झाली. १९३२ मध्ये अमेरिकेत १.३७ : १ हे प्रमाण ठरले आणि पुढची वीस वर्षे जगभर तेच चालले. या चौकटीत उभा माणूस छान मावतो, चेहरा तर अगदी सुरेख मावतो. १९५३ मध्ये सिनेमास्कोप ही रुंद पडद्याची पद्धत आली आणि छायालेखकांपुढे प्रश्न उभा राहिला, की एका माणसाचा चेहरा घेतल्यावर उरलेल्या दोन्ही बाजूंचे काय करायचे?

आपल्याकडे या प्रश्नाला पहिले उत्तर मिळाले ते १९५९ मध्ये. गुरुदत्त यांचा 'कागज़ के फूल' हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट, आणि त्याचे छायालेखक होते व्ही. के. मूर्ती. रिकाम्या स्टुडिओत वरून येणारा प्रकाशाचा तो प्रसिद्ध झोत मूर्तींनी मोठ्या आरशांवरून खरा सूर्यप्रकाश आत वळवून मिळवला होता. तो झोत किती सुंदर आहे हे सगळे सांगतात. मला त्याच्या दोन्ही बाजूंचा अंधार अधिक महत्त्वाचा वाटतो. बाजूंचे काय करायचे या प्रश्नावर मूर्तींनी 'त्या काळ्या ठेवायच्या' असे उत्तर दिले, आणि त्या काळोखामुळे दोन माणसांमधली दरी पडद्याच्या रुंदीएवढी झाली. २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मूर्तींना मिळाला. हा सन्मान मिळालेले ते पहिले छायालेखक.

कुरोसावांनी पहिला रुंद पडद्याचा चित्रपट १९५८ मध्ये केला. म्हणजे दोन देशांतले दोन कलावंत जवळजवळ एकाच वेळी त्याच प्रश्नाशी झुंजत होते. एकाने बाजू माणसांनी भरल्या आणि दुसऱ्याने अंधाराने.

करवीरकर

जुना_प्रोजेक्टर यांनी १.३७ च्या चौकटीचा विषय काढला आहे, तर कोल्हापूरविषयी बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

मराठी चित्रपटाची चौकट चित्रकारांनी घडवली, हे आपण पुरेसे लक्षात घेत नाही. बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवत असत. त्यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरासुद्धा इथेच घडवला, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर ही सगळी मंडळी त्यांच्या हाताखाली तयार झाली आणि त्यांनीच १९२९ मध्ये सीताराम कुलकर्णी यांच्या साथीने प्रभात उभी केली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. आज त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

दामले आणि फत्तेलाल यांनी १९३६ मध्ये दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' पाहताना तीन भागांची जाळी हाती घेतली, तर ती निरुपयोगी ठरेल. तुकारामांच्या भूमिकेतले विष्णुपंत पागनीस गातात तेव्हा ते बहुतेक वेळा समोर तोंड करून, चौकटीच्या मध्याजवळ असतात, आणि ते योग्यच आहे, कारण आपला प्रेक्षक कीर्तनाला समोर बसूनच ऐकत आला आहे. देवळात गाभाऱ्यासमोर उभे राहतो तेव्हा मूर्ती मधोमध असते. ती थोडी डावीकडे हवी होती असे कुणाच्या मनात येत नाही. जिजाईचे प्रसंग मात्र वेगळ्या तऱ्हेने रचलेले वाटतात. ती कामात असते, चिडते, वळते, जाते-येते. एकाच घरात एक माणूस मध्यभागी स्थिर आहे आणि दुसरी त्याच्याभोवती संसाराच्या ओढीने फिरते आहे, हे मला संवादांच्या आधी चौकटीतून कळते. या चित्रपटाची १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दखल घेतली गेली. तुकोबांची भाषा न कळणाऱ्या माणसांपर्यंत तो पोहोचला, त्यात या रचनेचा वाटा मोठा असला पाहिजे, असे माझे मत आहे.

आणि एक गोष्ट. 'चौकट' हा शब्द आपण फ्रेमसाठी सहज वापरतो, पण आपल्या कानाला त्यात आधी दाराची चौकट ऐकू येते. वाड्यात ओसरीवरून माजघर आणि माजघरातून स्वयंपाकघर असे एकामागे एक दरवाजे दिसतात. त्या दरवाजांच्या चौकटींनी माणसे आपसूक वेगळी होतात : बाहेर बैठकीवरचे पुरुष, आत उंबरठ्याशी थांबलेली बाई. चौकटीत चौकट ही युक्ती आपल्याला पुस्तकातून शिकायला नको, ती घरात आहे.

अनुस्वार

मी केवळ प्रेक्षक आहे, त्यामुळे प्रश्न विचारते. दोन माणसे बोलत असताना त्यांच्यामध्ये एक काल्पनिक रेषा धरायची आणि कॅमेऱ्याने ती ओलांडायची नाही, असा १८० अंशांचा नियम मी वाचला आहे. पण जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांच्या १९५३ च्या 'टोकियो स्टोरी'मध्ये तो सतत मोडलेला दिसतो, आणि तरी माझा गोंधळ होत नाही. असे का?

कृष्णधवल

अनुस्वार, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. नियम असा, की कॅमेरा रेषेच्या एकाच बाजूला राहिला तर एक माणूस उजवीकडे पाहतो आणि दुसरा डावीकडे, त्यामुळे दोघे एकमेकांकडे पाहत आहेत असे वाटते. ओझूंच्या चित्रपटात समोरासमोर बसलेली माणसे आलटून पालटून जवळजवळ कॅमेऱ्याकडेच पाहतात, आणि दोघांच्या नजरा पडद्यावर एकाच बाजूला झुकलेल्या असतात. नियमाप्रमाणे यातून गोंधळ व्हायला हवा. तो होत नाही, कारण इतर सगळे त्यांनी विलक्षण काटेकोरपणे जुळवलेले असते. ५० मिलिमीटरची एकच लेन्स, चटईवर बसलेल्या माणसाच्याही डोळ्यांच्या खाली ठेवलेला कॅमेरा, आणि दोन्ही शॉट्समध्ये चेहरा चौकटीत त्याच जागी, त्याच आकारात. शॉट बदलतो तेव्हा आपल्या डोळ्यांना पडद्यावर इकडेतिकडे शोधावे लागत नाही; एका चेहऱ्याच्या जागी दुसरा चेहरा येऊन बसतो.

मला स्वतःला हे समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर मी संकलनाच्या टेबलाशी जाऊन बसू लागलो. शॉट संपताना प्रेक्षकाचे डोळे पडद्यावर कुठे आहेत आणि पुढचा शॉट त्या डोळ्यांना काय देतो, हा प्रश्नही रचनेचाच आहे, आणि तो कॅमेरा लावतानाच विचारावा लागतो.

सहप्रवासी_ठाणे

मी आजवर फक्त वाचत होतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या 'कोर्ट'चा उल्लेख कुणीच केलेला नाही, म्हणून लिहितो.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्याचा राग आला होता. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर, लांब, खोलीच्या एका टोकाला; लोकशाहीर नारायण कांबळे आरोपीच्या जागी उभे आहेत आणि कॅमेरा त्यांच्या चेहऱ्याकडे जातच नाही. एका सफाई कामगाराला गाण्यातून आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप असलेल्या माणसाचा चेहरा आपल्याला जवळून पाहू द्यायला हवा होता, असे वाटत राहिले. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आले, की न्यायालयातही त्याच्याजवळ कुणी जात नाही. न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचे वकील, बाकांवर आपल्या पुकाऱ्याची वाट पाहणारी माणसे, फायली, पंखे हे सगळे चौकटीत सारख्याच मापाचे आहे, आणि ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे तो माणूस त्यातला एक तुकडा आहे. छायालेखक मृणाल देसाई यांनी क्लोजअप दिला असता तर मला दिलासा मिळाला असता. तो दिलासा आरोपीला मिळत नाही, मग मला का मिळावा?

शेवटाकडे सुट्टी लागण्यापूर्वी न्यायालयाची खोली रिकामी होते, दिवे एकेक करून मालवले जातात आणि कॅमेरा त्या काळोख्या खोलीत तसाच थांबतो. चौकट तीच, माणसे गेलेली, उजेडही गेलेला. मेघना म्हणतात तो वेळेचा मुद्दा मला इथे सर्वांत जास्त पटला. तेवढा वेळ थांबल्यावर मला त्या रिकाम्या बाकांवरची मघाची माणसे दिसू लागली.

रेषा

सहप्रवासी, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री 'कोर्ट' पुन्हा पाहिला. एक भर घालते. त्या स्थिर चौकटींत मुख्य माणूस कोण हे दिग्दर्शक सांगत नाही, तरी आपले डोळे भटकत नाहीत, कारण आवाज वाट दाखवतो. कोण बोलतो आहे हे ऐकून आपण त्याला चौकटीत शोधतो. चित्रकाराला ही सोय नसते. वरती मी वजनांविषयी लिहिले त्यात आवाजाचे वजन धरले नव्हते, ते धरायला हवे.

मेघना_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. रेषाताई, असमान वाटणीचा तुमचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करते आणि त्या तरुण सभासदापर्यंत पोहोचवला आहे. करवीरकर, दरवाजांच्या चौकटींवर आम्ही एक वेगळी बैठकच घेणार आहोत.

काल आमची बैठक झाली. कृष्णधवल यांच्या प्रतिसादावरून आम्ही एक प्रयोग केला. आवाज पूर्ण बंद करून 'हाय अँड लो'मधले काही प्रसंग लावले, दर दहा सेकंदांनी चित्र थांबवले, आणि प्रत्येकाने कागदावर एक लांब आयत काढून त्यात माणसांच्या जागी फक्त गोल आणि नजरांच्या जागी बाण काढले. चेहरे नाहीत, वस्तू नाहीत. चाळीसएक आयत झाल्यावर सगळ्यांचे कागद टेबलावर ओळीने मांडले.

दिवाणखान्यातल्या प्रसंगांत पडदे उघडण्याचा क्षण कागदावर लगेच ओळखू आला. पळवणारा खालच्या वस्तीतून घरावर नजर ठेवून आहे, त्यामुळे पडदे उघडताच पोलिसांना जमिनीवर लपावे लागते. एका आयतात गोल वर पसरलेले आहेत आणि पुढच्यात बहुतेक गोल तळाच्या रेषेला टेकलेले आहेत. ज्याला आपण अजून पाहिलेलेही नाही, त्या चौकटीबाहेरच्या माणसाने आतली सगळी रचना बदलून टाकली आहे. आणि तो स्वतः प्रथम दिसतो तोही सरळ दिसत नाही. गलिच्छ पाण्यात त्याचे प्रतिबिंब दिसते. आमच्यातल्या एकीने त्या आयतात गोल उलटा कसा काढायचा असे विचारले, आणि शेवटी तिने तो तुटक रेषेने काढला.

मग शेवटचा प्रसंग लावला. तुरुंगात गोंदो आणि तो तरुण, ताकेउची, समोरासमोर बसले आहेत. मध्ये काच आणि जाळी आहे. एकाकडून पाहताना काचेत त्याच्या समोरच्या चेहऱ्यावर त्याचाच चेहरा उमटतो. ज्याने सुरुवातीला प्रश्न विचारला होता, तो आमचा सर्वांत लहान सभासद इथे बराच वेळ पेन्सिल धरून बसला. नंतर त्याने दोन गोल एकावर एक काढले, दोन्हींचे बाण एकमेकांच्या आत गेलेले, आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी चित्र पुढे सुरू केले. ताकेउची किंचाळतो, पहारेकरी त्याला ओढून नेतात, काचेपलीकडे लोखंडी पडदा खाली येतो. आमच्या त्या सभासदाने नवा आयत घेतला आणि त्यात पाठमोऱ्या गोंदोसाठी एकच गोल काढला. बाण मात्र त्याने काढला नाही. काचेत आता गोंदोला स्वतःशिवाय कुणी दिसत नाही, मग बाण कुठे न्यायचा, असे तो म्हणाला.